ठमाबाईंचं दूध साभार परत

ठमाबाई प्यायलेलं दूध परत करत. त्यात लपवाछपवी नव्हती की रडारड नव्हती. पोटभर प्यायचं, जमीनदारासारखी चौफेर नजर टाकायची, एक बोळकं हसू फेकून समोरच्याला गाफील करायचं आणि मग ओठांच्या कोपऱ्यातून, कसलीही घाई न करता, आलेल्या मालातला थोडा हिस्सा परत पाठवायचा. संपादक कविता साभार परत करतात तसं. फरक इतकाच की कविता टपालाने येते आणि हे थेट खांद्यावर यायचं.

ठमाबाईंचं वय जेमतेम तीन महिने. जन्मदाखल्यावर त्यांना चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते शाळेत जाईपर्यंत जपून ठेवायचं असं ठरलं होतं. घरात ठमी, आणि बाहेरच्यांसमोर मान राखून ठमाबाई. वडील रस्ते विभागात इंजिनिअर. रस्त्याला उतार किती द्यायचा, त्यावर पडलेलं पाणी कुठून कुठे वाहून जाईल, हे ठरवण्यात त्यांचं तारुण्य गेलेलं. त्यामुळे एखादी पातळ वस्तू वरून खाली जायची सोडून खालून वर येते, आणि तीही आपल्या घरात, आपल्या पोटच्या पोरीच्या पोटातून, हा इंजिनिअरला स्वतःचा अपमान वाटत असे.

घरात पांढरा डाग नाही अशी जागा उरली नव्हती. सोफ्याला आंबूस वास, पडद्याला आंबूस वास, आणि इंजिनिअरच्या प्रत्येक शर्टाच्या डाव्या खांद्यावर एक वाळलेला नकाशा. एकदा बैठकीत त्याचे साहेब त्या खांद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"घरी रंगकाम काढलंय वाटतं?"

आता, भर बैठकीत मुलीची ओकारी काय सांगणार? इंजिनिअर म्हणाला, "हो."

"कुठला रंग?"

"दुधी."

"पेंटर कसा आहे?"

"उरक चांगला आहे," इंजिनिअर विचार करून म्हणाला, "पण सांडलवंड फार."

साहेबांनी पेंटरचा नंबर मागितला. तो विषय टाळता टाळता इंजिनिअरला घाम फुटला, आणि त्याच दिवशी त्याने मनाशी ठरवलं की या प्रकरणाचा आता कायमचा बंदोबस्त करायचा.

तसं पाहिलं तर बंदोबस्त सांगून झालेला होता. बायको ठमीला लस टोचायला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. थोडं थोडं पाजा, मध्ये मध्ये ढेकर काढा आणि पाजून झालं की अर्धा तास तिला खांद्यावर उभी धरा. बायकोने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा इंजिनिअर पुढचं ऐकायला थांबून राहिला.

"मग?"

"मग काही नाही. एवढंच."

"एवढंच? अगं, औषध? तपासणी? निदान एखादा एक्स-रे?"

"ती नुसती दूध काढते रे. आजारी नाहीये."

इंजिनिअरची घोर निराशा झाली. पोरीला अर्धा तास उभं धरायचं हा काय उपाय झाला? हे तर रस्त्यावर पाणी साचलं की माणूस उभा करून झाडूने लोटायला लावण्यासारखं झालं. त्याच्या खात्यात असली उपाययोजना कुणी मांडली असती तर फाइल परत आली असती. अर्थात उभं धरायचं काम त्याच्याकडे नव्हतंच. ते बायको करायची. ती डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांच्या चष्म्याचे नंबर तपासायची आणि सध्या रजेवर होती. रजा म्हणजे काय, तर दिवसभर पाजायचं, उभं धरायचं, पुसायचं, बदलायचं, धुवायचं आणि तेवढ्यात पुन्हा पाजायची वेळ व्हायची.

त्यात सल्ले. मूल दूध काढतं ही गोष्ट फक्त आईबापांच्या मालकीची नसते, ती सबंध इमारतीची असते. समोरच्या काकू दार उघडं ठेवूनच जगत असत, त्यामुळे त्यांचे सल्ले ताजे आणि वारंवार यायचे. "पालथी झोपव तिला, पोट दाबलं जातं." दुसऱ्या दिवशी, "दुधात काहीतरी घट्ट कालव, जड झालं की खाली बसतं." तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोच्या ताटात डोकावून पाहिलं. "टोमॅटो खातेस? मग बरोबर आहे!" वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर निवृत्त झाले असले तरी सूचना देण्यातून निवृत्त झाले नव्हते. त्यांचं मत कांद्याविरुद्ध होतं. इंजिनिअरची आई फोनवरून डाळीविरुद्ध बोलली, आणि मग एकदम विरघळून म्हणाली, "तूही अस्साच होतास रे. पहिल्या वर्षात तू तुझ्या आजोबांचा एकही सदरा कोरडा ठेवला नाहीस."

ही माहिती इंजिनिअरने बायकोपर्यंत पोचू दिली नाही.

बायको सुरुवातीला सगळ्यांना उत्तरं द्यायची. मग नुसती मान डोलवायला लागली. इंजिनिअरला वाटलं, चला, हिला युक्ती जमली. तो निश्चिंत मनाने आपल्या कामाला लागला.

काम म्हणजे उतार. विचार एकदम सरळ होता. मुलीचं डोकं वर, पाय खाली, मधे योग्य तो कोन. दूध आपल्या पायांनी खाली जाईल, माणसाला उभं राहायला नको. त्याने ऑफिसच्या कागदावर आराखडा काढला, बाजूने काढला, वरून काढला, आणि खाली सही केली. सुताराला बोलावलं तर तो उद्या येतो म्हणाला. सुताराचा उद्या हा कॅलेंडरमध्ये नसतो, म्हणून इंजिनिअरने स्वतःच प्लायवूड आणलं.

ते लिफ्टपाशी अडलं. सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टसमोर हात आडवे करून उभे राहिले. "प्लायवूड लिफ्टमधून न्यायला परवानगी लागते."

"कुणाची?"

"माझी."

"मग द्या ना."

"अशी नाही देता येत. अर्ज करावा लागतो."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे," सेक्रेटरी म्हणाले आणि एकदम खचल्यासारखे बाकावर बसले. "काय सांगू तुम्हाला, मलाच कंटाळा आलाय हो या सगळ्याचा. किती वर्षं हे पद माझ्या गळ्यात आहे. प्रत्येक मीटिंगला म्हणतो, कुणीतरी घ्या. सगळे चहा पिऊन निघून जातात."

इंजिनिअरने सहानुभूती दाखवली, चहा पाजला आणि प्लायवूड वर नेलं. पद घ्यायचं मात्र त्याच्या मनातही आलं नाही. त्या इमारतीत ते कुणाच्याच मनात येत नसे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ड्रिल सुरू झालं. पहिल्याच भोकाला वरून हेडमास्तर उतरले, चेहऱ्यावर मोडलेली झोप आणि तोंडात दोन-चार तयार वाक्यं घेऊन. पण समोर आराखडा बघून ते थबकले. "कोन किती धरलाय?" त्यांनी विचारलं. इंजिनिअरने सांगितला. "चुकलं," हेडमास्तर म्हणाले आणि मांडी घालून खाली बसले. पुढे बराच वेळ दोघेजण जमिनीवर त्रिकोण काढत होते. उठताना हेडमास्तर इंजिनिअरची पाठ थोपटून म्हणाले, "शाबास! बाप असावा तर असा." आणि वर जाऊन त्यांनी दुपारच्या आवाजाबद्दल सोसायटीकडे लेखी तक्रार केली. कौतुक तोंडी आणि तक्रार लेखी, हा त्यांचा शिरस्ता होता.

पलंग तयार झाला. खरंच देखणा झाला. कडा घासलेल्या, कोपरे गोल केलेले, वर मऊ गादी, बाजूला कठडा. इंजिनिअर त्याच्याकडे जरा दूर जाऊन बघायचा, मग जवळ येऊन बघायचा.

बायको मात्र ठमीला खांद्यावरून खाली ठेवायला तयार नव्हती. "आधी डॉक्टरीणबाईंना विचारू. तोवर ती यावर झोपणार नाही."

"अगं, उतार आहे साधा."

"ती तुझा रस्ता नाहीये."

पण चाचणी तरी घ्यायलाच हवी होती. इंजिनिअरने ठमीच्या वजनाइतकं पीठ एका प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. नुसती पिशवी ठेवून घर्षणाचा अंदाज येणार नाही, म्हणून तिला ठमीचा गुलाबी झगा घातला. झगा घातल्यावर टोपी नसणं बरं दिसेना, म्हणून टोपी घातली. खोलीत जागा नव्हती, तेव्हा पलंग बाहेर व्हरांड्यात, लिफ्टच्या समोर मांडला. काकूंचं दार उघडं होतंच.

पिशवी ठेवली. क्षणभर ती शहाण्यासारखी पडून राहिली. इंजिनिअरने विजयी मुद्रेने काकूंकडे पाहिलं. तेवढ्यात पिशवी किंचित हलली, घसरली, आणि एकदा घसरल्यावर तिने मागे वळून पाहिलंच नाही. पायाकडचा कठडा इंजिनिअरने हवा खेळती राहावी म्हणून बुटका ठेवला होता. त्यावरून तिने झेप घेतली. नेमकं त्याच क्षणी लिफ्टचं दार उघडलं आणि आतून सेक्रेटरी बाहेर आले.

सेक्रेटरींनी काय पाहिलं? त्यांनी पाहिलं की एका पलंगावरून गुलाबी झग्यातलं, टोपी घातलेलं मूल आपल्याकडे उडत येतंय, बाप हात पसरून मागे धावतोय आणि काकू किंचाळतायत. त्यांनी ते मूल झेलायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण ते हातातून निसटलं, लिफ्टच्या उंबऱ्यावर आपटलं आणि फुटलं.

व्हरांड्यात पांढरा ढग उठला. ढग खाली बसला तेव्हा सेक्रेटरीही खाली बसलेले होते. त्यांच्या मिशा, भुवया, चष्मा, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. हातात टोपी होती. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

गडबड ऐकून बायको बाहेर आली. तिच्या खांद्यावर खरी ठमी, डोळे मोठे करून हा सोहळा बघत होती. सेक्रेटरींनी ठमीकडे पाहिलं, हातातल्या टोपीकडे पाहिलं, पुन्हा ठमीकडे पाहिलं.

"दोन होत्या?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

त्यांना पाणी पाजलं, झटकलं, घरी पोचवलं. पण पीठ लिफ्टच्या दाराच्या खाचेत जाऊन बसलं ते बसलंच. दार अर्धं मिटायचं, खोकल्यासारखा आवाज करायचं आणि पुन्हा उघडायचं. लिफ्ट बंद पडली. हेडमास्तर आणि काकूंसकट सगळी इमारत जिन्याने चढ-उतार करू लागली, आणि प्रत्येकजण इंजिनिअरच्या दारापुढे जरा जास्तच जोरात धापा टाकून मग पुढे जाऊ लागला.

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. इंजिनिअरने फक्त कठडा उंच केला आणि पलंग डोक्यावर घेऊन तो जिना उतरला. मागून ठमीला घेऊन बायको. दवाखान्यात पलंग बाकाशेजारी ठेवल्यावर मात्र त्याला बरेच दिवसांनी बरं वाटलं, कारण तिथले आईबाप उठून उठून बघायला लागले. प्रत्येकाच्या खांद्यावर तोच ओळखीचा डाग होता.

"कुठे मिळतो हो हा?"

"मिळत नाही," इंजिनिअर नम्रपणे म्हणाला. "मी केलाय."

एकाने तर जुळ्यांसाठी रुंद करून मिळेल का, असंही विचारलं. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कोन, घर्षण, दोन्हीकडचे आराखडे. पलंगावरून त्यांनी हात फिरवला.

"सुंदर झालाय," त्या म्हणाल्या. "पुस्तकं ठेवा यात. बाळ नाही."

"का पण?"

"उताराचं काम काय असतं हे तुम्ही मला सांगायला हवं. घसरवणं. एवढंसं बाळ घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. त्याला मान उचलता येत नाही, ओरडता येत नाही. बाळाने सपाट झोपायचं, पाठीवर, कडक गादीवर. उशी नाही, उतार नाही, पालथं तर नाहीच. दूध काढणाऱ्या बाळानेसुद्धा."

इंजिनिअरच्या डोळ्यासमोर गुलाबी झग्यातली पिशवी हळूच हलली. बायकोने हट्ट धरला नसता तर? त्याने बायकोकडे पाहिलं. ती ठमीचा पायमोजा नीट करत होती.

"आणि हे ओकणं?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झाकण असतं म्हणा, ते अजून सैल आहे. पोट चिमुकलं, दूध पातळ आणि बाई दिवसभर आडव्या. येणारच वर. बसायला लागली की कमी होईल. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचं थांबतं. हिरवं काही पडलं, रक्त दिसलं, दर वेळी जोरात लांबवर उडायला लागलं, प्यायला नको म्हणाली, लंगोट ओले व्हायचे कमी झाले किंवा मलूल वाटली, तर लगेच घेऊन यायचं. नाहीतर तीच तीन कामं. थोडं पाजा, ढेकर काढा, उभं धरा. आणा इकडे, वजन करू."

ठमाबाईंना काट्यावर ठेवलं. काटा चांगला पुढे गेला होता. ठमाबाईंनी काट्यावरही थोडं दूध परत केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. तेवढं वजा केलं तरी छान." मग त्यांनी मान वर करून बायकोकडे नीट पाहिलं, आणि बघतच राहिल्या.

"हिचं वजन वाढलंय. तुमचं कुठे गेलं?"

बायकोने ठमीला काट्यावरून उचलून घेतलं.

"जेवता काय तुम्ही?"

"भात. उकडलेली भाजी."

"आणि?"

"बाकी बंद आहे. टोमॅटो बंद, कांदा बंद, डाळ बंद, लिंबू बंद. दूध, दही बंद."

"कोणी बंद केलं?"

"वेगवेगळ्या लोकांनी," बायको म्हणाली.

इंजिनिअर बायकोच्या मनगटाकडे बघत होता. घड्याळाचा पट्टा तिने आत नवीन भोक पाडून आवळला होता. आपण इतके दिवस मोजपट्टी घेऊन घरभर हिंडत होतो आणि हे आपल्याला दिसलं नाही.

"तुमच्या ताटातलं काही बंद करायची वेळ आली तर मी सांगेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिन्यातल्या लोकांनी नाही सांगायचं. आज घरी जाऊन पोटभर जेवायचं. हे औषध समजा."

बाहेर रस्त्यावर आल्यावर बायको म्हणाली, "ती ओकली की मी आठवत बसायचे, मी काय खाल्लं होतं ते. दर वेळी काहीतरी सापडायचंच. मग ते सोडायचं. मला वाटायचं, माझ्यामुळेच होतंय तिला."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू पलंग करत होतास ना."

इंजिनिअरला तिला तिथेच जवळ घ्यावंसं वाटलं. पण दोन्ही हातांत पलंग होता. तो एवढंच म्हणू शकला, "आता उभं धरायचं काम माझं."

हे म्हणणं सोपं होतं. अर्धा तास ही काय चीज आहे हे मुलीला खांद्यावर घेऊन उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बसायचं नाही, कारण बसलेलं ठमाबाईंना तत्काळ कळतं. वाकायचं नाही, पोट दाबलं जातं. फोन घ्यायचा नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. इंजिनिअर सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्याबरोबर खिडकीपाशी उभा राहायचा आणि मंद डोलत राहायचा. पहिले काही दिवस खांदा भरून यायचा. मग सवय झाली. मग त्याच्या लक्षात आलं की ढेकर यायच्या आधी ठमी मूठ घट्ट वळते, आणि आल्यावर तिचं सगळं अंग लोण्यासारखं सैल पडतं. ही माहिती कुठल्याच आराखड्यात बसणारी नव्हती. ओकणं थांबलं नाही. जरासं कमी झालं, इतकंच. पण बायको आता टोमॅटो खात होती, आणि काकूंनी ताटात डोकावलं की इंजिनिअर दार लोटून घ्यायचा. काकूंच्या दारासमोर लोटलेलं ते त्या मजल्यावरचं पहिलं दार.

अशातच लिफ्ट दुरुस्त झाली, आणि पाठोपाठ सोसायटीच्या मीटिंगची नोटीस लागली. विषय एकच होता, पण त्याला पोटकलमं होती. लिफ्ट, पीठ, दुपारचा आवाज, प्लायवूड आणि 'पदाधिकाऱ्यास मानसिक धक्का'. गैरहजर राहिल्यास आरोप मान्य आहेत असं समजण्यात येईल. नेमकं मीटिंगच्याच सकाळी बायकोला तिच्या डोळ्यांच्या दवाखान्यात बोलावलं होतं, अर्ध्या दिवसाच्या कामावर परत कधी येणार ते ठरवायला. बाटलीत दूध काढून ठेवून, चार वेळा मागे वळून ती गेली.

इंजिनिअरने ठमीला थोडं थोडं पाजलं, खांद्यावर घेतलं आणि तळमजल्यावर मीटिंगला गेला. सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना."

"नको, उभाच बरा."

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. माणूस भांडायच्या तयारीने आलाय, असं सगळ्यांना वाटलं. हेडमास्तरांनी घसा खाकरून तक्रार वाचायला घेतली. भाषा फार कडक होती. इंजिनिअर मंद डोलत, ठमीच्या पाठीवर थाप मारत ऐकत राहिला. काकूंनी पिठाचा प्रसंग हातवारे करून सांगितला. इंजिनिअर डोलत राहिला. मागच्या रांगेतल्या एका बाई शेजारणीला म्हणाल्या, "केवढा शांत आहे गं! आमचे असते तर आत्तापर्यंत खुर्ची फेकली असती." खरं तर इंजिनिअरच्या जिभेवर दोन-तीन चांगली उत्तरं होती. पण ठमीने नुकतीच मान खांद्यावर टेकली होती, ढेकर अजून आली नव्हती, आणि मोठा आवाज केला की ती दचकते हे त्याला माहीत होतं.

शेवटी सेक्रेटरी उठले. त्यांचा आवाज कापत होता. "माझ्या डोळ्यासमोर मूल उडालं! माझ्या हातात फुटलं! अजून लिफ्टचं दार उघडलं की छातीत धडधड होते. आता मात्र बस झालं. मी राजीनामा देतोय. नवीन सेक्रेटरी आत्ता, इथेच ठरेल. बोला, कोण उभं आहे?"

कुणी फरशी बघू लागलं, कुणी छत, कुणाच्या चपलेचा पट्टा एकाएकी सैल झाला. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"कोण उभं आहे?" सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं.

"अहो, ते काय!" काकू ओरडल्या. "उभे आहेत की!"

सगळ्यांच्या माना वळल्या. सबंध सभेत एकटा इंजिनिअर उभा होता. त्याने जोरजोरात मान हलवायची ठरवली, पण जोरात हलवणं शक्य नव्हतं. ती डोलण्यातच हलली आणि लोकांना विनयाने हलल्यासारखी वाटली. त्याने 'नाही' असं पुटपुटून पाहिलं. ते ठमीच्या टोपीत विरलं. मोकळ्या हाताने खूण करावी म्हणून हात वर केला तर मागून कुणीतरी म्हणालं, "बघा, हातही वर केला."

"सूचक काकू," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले. "अनुमोदन कोण देतंय?"

त्याच वेळी खांद्यावरची मूठ घट्ट वळली. इंजिनिअरने श्वास रोखला. आणि त्या नि:शब्द सभेत ठमाबाईंनी आजवरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी, भरदार, घुमणारी ढेकर दिली.

"अनुमोदन मिळालं!" मागच्या बाई म्हणाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

सेक्रेटरी, म्हणजे आता माजी, दहा वर्षांनी तरुण दिसत होते. किल्ल्यांचा जुडगा घेऊन ते धावतच आले, तो इंजिनिअरच्या बोटात अडकवला आणि कौतुकाने ठमीच्या गालाला हात लावायला वाकले. ठमाबाईंनी त्यांच्याकडे पाहून आपलं ते गाफील करणारं हसू हसलं. इंजिनिअरला ते हसू ओळखीचं होतं, पण सांगेपर्यंत उशीर झाला. माजी सेक्रेटरींच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर, अगदी खिशाशी, दूध साभार परत आलं.

"असू दे, असू दे!" ते आनंदाने म्हणाले आणि सदरा न पुसताच घरी गेले. राहता राहिली तक्रार. ती नियमाप्रमाणे पुढील कार्यवाहीसाठी नव्या सेक्रेटरींकडे सुपूर्द करण्यात आली.

दुपारी बायको परतली तेव्हा इंजिनिअर पुढच्या पाजण्यानंतरचं उभं राहणं उभा होता. दवाखान्यात तिला पुढच्या महिन्यापासून अर्धा दिवस यायला सांगितलं होतं, चेहरा उजळला होता, आणि भूक तर इतकी लागली होती की तिने चपला काढायच्या आधी ताट घेतलं. खाता खाता तिचं लक्ष टेबलावरच्या किल्ल्यांकडे गेलं.

"हे काय?"

इंजिनिअरने सगळं सांगितलं, अर्थात हळू आवाजात. ऐकता ऐकता बायकोचा घास हातातच राहिला.

"आणि तू नाही म्हणाला नाहीस?"

"कसा म्हणणार? ढेकर यायची होती."

बायको हसायला लागली. ती अशी हसली की तिला ठसका लागला, पाणी प्यावं लागलं, आणि पाणी पिऊन झाल्यावर ती पुन्हा हसली. इतक्या दिवसांत ती हसली नव्हती हे इंजिनिअरला ते ऐकल्यावर कळलं. मग तिने उठून आणखी भाजी वाढून घेतली, वर दह्याची वाटी घेतली आणि पुन्हा जेवायला बसली.

बेल वाजली. दारात हेडमास्तर होते, हातात कागद. बायको भरल्या तोंडाने दाराशी गेली.

"सेक्रेटरी आहेत का? लिफ्टमध्ये पुन्हा कसलासा आवाज येतोय."

बायकोने मागे वळून पाहिलं. खिडकीपाशी तिचा नवरा डोळे मिटून डोलत होता, खांद्यावर ठमीची मूठ नुकती घट्ट वळायला लागली होती.

"आहेत," ती म्हणाली, "पण आत्ता कामात आहेत."

आणि तिने दार हळूच, आवाज न करता, लावून घेतलं.